राजघराण्यांच्या ढालीवर फुलं का असतात आणि ती नेमकं काय सांगतात

गुलाब म्हणजे प्रेम, लिली म्हणजे पावित्र्य, थिसल हे काटेरी रानफूल म्हणजे शौर्य, असले तक्ते नेटवर ढिगाने सापडतात आणि युरोपातल्या राजचिन्हांबद्दल काही शोधायला गेलं की पहिल्याच पानावर तेच पुढे येतात. वाचायला छान वाटतात पण त्यातलं बरंचसं मागाहून चिकटवलेलं आहे. एक उदाहरण देतो म्हणजे पटेल. इंग्लंडमधे बापाच्या ढालीवरचं चित्र मुलांनीही वापरायचं, पण कोण कितवा ते कळावं म्हणून प्रत्येकाने त्यावर एक बारीक खूण टाकायची अशी पद्धत ठरली. दुसऱ्या मुलाला चंद्रकोर, तिसऱ्याला चांदणी, असं करत करत सहाव्याला लिलीचं फूल आणि सातव्याला गुलाब. म्हणजे एखाद्या सरदाराच्या ढालीवर वरच्या बाजूला इवलासा गुलाब दिसला तर त्यात प्रेम नाही, सौंदर्य नाही, काही नाही, तो फक्त एवढंच सांगतोय की हे साहेब सातवे चिरंजीव.

म्हणून राजचिन्हातलं फूल बघताना "या फुलाचा अर्थ काय" हा प्रश्न जरा बाजूला ठेवायचा आणि हे फूल इथे कोणी लावलं, कशासाठी लावलं आणि त्याआधी ते कोणाचं होतं हे शोधायचं. बहुतेक वेळा असं निघतं की कोणीतरी कशावर तरी हक्क सांगतोय. अर्थबिर्थ त्याच्या मागून येतो.

आधी थोडं बॅकग्राउंड. युरोपात ढालीवर ठरावीक चित्र रंगवायची ही पद्धत बाराव्या शतकात रुजली. तोपर्यंत शिरस्त्राणं अशी झाली होती की आतला माणूस ओळखू येईना, लढाईत आणि त्याहून जास्त म्हणजे सरदारांच्या खेळातल्या झुंजींमधे कोण कोण आहे ते कळायला काहीतरी पाहिजेच होतं. मग ढालीवरचं चित्र बापाकडून मुलाकडे जायला लागलं, आणि एकदा एखादी गोष्ट वारसाहक्काने जायला लागली की तिच्यावरून भांडणं होणारच. कोणाचं चित्र कोणतं याची नोंद ठेवणारे दरबारी लोक म्हणजे हेराल्ड. लंडनमधे त्यांची संस्था १४८४ साली तिसऱ्या रिचर्डने सनद देऊन सुरू केली आणि ती कॉलेज ऑफ आर्म्स नावाने आजही चालू आहे, नवीन चिन्हं अजून तिथूनच मंजूर होतात.

रंगांचाही एक कडक नियम. सोनेरी आणि रुपेरी हे दोन "धातू", आणि लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे मुख्य रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. कारण साधं आहे, लांबून दिसलं पाहिजे. म्हणूनच राजचिन्हातली फुलं खऱ्या फुलांसारखी दिसत नाहीत. हेराल्ड्रीतला, म्हणजे या कुलचिन्हांच्या शास्त्रातला, गुलाब म्हणजे आपल्या डोळ्यासमोर येतो तो फुलवाल्याकडचा भरगच्च गुलाब नाहीच, पाच पाकळ्यांचा चपटा रानगुलाब असतो, मधे सोनेरी ठिपका आणि पाकळ्यांच्या फटीतून डोकावणारी पाच हिरवी टोकं. निळ्या जमिनीवर सोनेरी लिली आहे ती सुद्धा या नियमात बसते म्हणून, निसर्गात तशी असते म्हणून नाही.

अजून एक फरक लक्षात ठेवायला लागेल, कारण गुलाबांची सगळी भानगड त्याच्यावर आहे. ढालीवरचं कुलचिन्ह वेगळं आणि बॅज वेगळा. कुलचिन्ह त्या कुटुंबाचंच, दुसऱ्या कोणी वापरायचं नाही. बॅज मात्र मालकाचा असला तरी अंगावर लावायचे ते त्याच्या माणसांनी, म्हणजे नोकर, शिपाई, पाठीराखे सगळ्यांनी. आपल्याकडे मतपत्रिकेवर निवडणूक चिन्ह असतं ना, वाचता न येणाऱ्यालाही कळतं की हा कोणाच्या बाजूचा, तसाच प्रकार. त्यामुळे बॅज सोपा पाहिजे, आणि पाच पाकळ्यांचं फूल कोणीही शिवू शकतो.

आता फ्रान्सची लिली. हे सगळ्यात श्रीमंत प्रकरण आहे त्यामुळे इथे जरा थांबू.

निळ्या जमिनीवर सोनेरी फ्लर-द-लिस, तीन पाकळ्या आणि मधे एक पट्टा बांधल्यासारखा. हे फूल मुळात लिली आहे का आयरिस यावर लोक अजून वाद घालतात, आकार बघितला तर दलदलीत उगवणाऱ्या पिवळ्या आयरिसच्या जास्त जवळ जातो असं मलाही वाटतं. पण चर्चच्या चित्रांमधे मेरीच्या हातात किंवा शेजारी पांढरी लिली असतेच, आणि फ्रान्सच्या राजांना हे नातं हवं होतं. राजपुत्र लुई, जो पुढे आठवा लुई झाला, त्याच्या १२११ सालच्या शिक्क्यावर लिलींनी भरलेली ढाल दिसते. त्या काळात लिली मोजत नसत, अख्खी ढाल फुलांनी शिंपडल्यासारखी भरून टाकायची.

मग कथा आली. क्लोव्हिस नावाचा फ्रँक लोकांचा राजा पाचव्या शतकाच्या शेवटी ख्रिश्चन झाला, तेव्हा स्वर्गातून देवदूताने ही लिली आणून दिली म्हणे. गंमत अशी की क्लोव्हिसच्या काळात ढालीवर असली वंशपरंपरागत चित्रंच नव्हती, ही कथा त्याच्यानंतर कित्येक शतकांनी पसरली. पण उपयोगाची होती. पोपने मुकुट घातला, बिशपने तेल लावलं, हे सगळे राजे सांगतात. आमचं चिन्हच वरून आलंय हे सांगितलं की पुढे बोलणंच खुंटलं. पाचव्या चार्ल्सने १३७६ च्या सुमारास लिलींची संख्या तीनवर आणली आणि त्याला ट्रिनिटीचा, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा यांचा अर्थ जोडला.

आता खरी मजा. १३२८ साली फ्रान्सचा राजा मेला आणि त्याला मुलगा नव्हता. इंग्लंडचा तिसरा एडवर्ड म्हणाला माझी आई इझाबेला ही फ्रान्सच्या चौथ्या फिलिपची मुलगी, म्हणजे गादी माझी. फ्रेंच म्हणाले बाईकडून गादी जात नाही, आणि त्यांनी मेलेल्या राजाच्या चुलतभावाला बसवलं. यावरून पेटलेलं युद्ध शंभर वर्षांचं युद्ध म्हणून ओळखलं जातं. १३४० मधे एडवर्डने काय केलं, स्वतःच्या ढालीचे चार भाग केले आणि त्यातल्या मानाच्या जागी, म्हणजे पहिल्या आणि चौथ्या भागात, फ्रान्सच्या लिली घातल्या आणि स्वतःचे इंग्लंडचे सिंह दुसऱ्या तिसऱ्या भागात ढकलले. म्हणजे ढाल बघणाऱ्याला कळावं की हा फ्रान्सचा राजा आधी आणि इंग्लंडचा नंतर! फ्रान्सने लिली तीन केल्यावर काही वर्षांनी इंग्लंडच्या राजांनीही गुपचूप तीन केल्या, जुनी डिझाइन ठेवून कसं चालेल, दावा अपडेटेड पाहिजे.

आणि फ्रेंचांचं उत्तर पण फुलातूनच आलं, हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. बायबलमधे येशूचं एक वचन आहे, रानातल्या लिली बघा, त्या कष्ट करत नाहीत, सूत कातत नाहीत, तरी देव त्यांना नटवतो. सूत कातणं म्हणजे बायकांचं काम. तर फ्रेंच पंडितांनी यातून अर्थ काढला की लिली कातत नाही, म्हणजे लिलीचं राज्य चरखा चालवणाऱ्यांकडे जाऊ शकत नाही, म्हणजे बाईला गादी नाही आणि बाईकडून तिच्या मुलालाही नाही. काळजी करू नका असं सांगणारं वचन, त्याचा वारसाहक्काचा कायदा करून टाकला. फुलाचा अर्थ कसा तयार होतो याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही, आधी दावा ठरला, मग वचन शोधलं.

यावर एक उलटा टोला इतिहासानेच मारलाय. त्याच युद्धात जोन ऑफ आर्क नावाच्या मुलीने फ्रान्सच्या बाजूने बाजी फिरवली आणि फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सने डिसेंबर १४२९ मधे तिच्या घराण्याला सरदारकी दिली. चिन्ह काय दिलं, निळी ढाल, उभी तलवार, तलवारीच्या टोकावर मुकुट आणि दोन्ही बाजूंना एकेक सोनेरी लिली. घराण्याचं नाव सुद्धा लिलीवरून पडलं, द्यू लिस. आणि ही सरदारकी मुलींकडूनही पुढे जाईल अशी खास सवलत होती. गादी वाचवली ती बाईने, लिली मिळाली ती पण बाईला, फक्त गादी तेवढी नाही.

राजाकडून लिली मिळणं म्हणजे मोठा मान, आणि राजाला तो फुकटात देता यायचा. फ्लॉरेन्सचे मेदिची मुळात बँकवाले, त्यांच्या ढालीवर लाल गोळे. १४६५ मधे अकराव्या लुईने त्यांना परवानगी दिली आणि त्यातला एक गोळा निळा होऊन त्यावर तीन सोनेरी लिली आल्या. व्याजबट्टा करणारं घराणं एका फटक्यात राजाच्या जवळचं.

पण हेच फूल दुसऱ्या टोकाला काय करत होतं तेही सांगायलाच पाहिजे, तक्त्यांमधे हे कधी नसतं. चौदाव्या लुईच्या काळात १६८५ मधे फ्रेंच वसाहतींमधल्या गुलामांसाठी एक कायदा आला, कोड न्वार. त्यात लिहिलंय की महिनाभर पळून राहिलेल्या गुलामाचे कान कापायचे आणि खांद्यावर फ्लर-द-लिसचा डाग द्यायचा, म्हणजे तापवलेल्या लोखंडाने. परत पळाला तर पायाची शीर तोडायची आणि दुसऱ्या खांद्यावर डाग. तिसऱ्यांदा मृत्युदंड. "पावित्र्याचं प्रतीक" माणसाच्या कातडीवर मालकीचा शिक्का म्हणून. आज न्यू ऑर्लिन्स शहराच्या झेंड्यावर आणि तिथल्या फुटबॉल टीमच्या हेल्मेटवर तीच लिली आहे आणि लोक प्रेमाने मिरवतात, आणि तिथेच काही लोकांना ती बघून वेगळंच आठवतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

राज्यक्रांतीत १७९० मधे कुलचिन्हंच रद्द झाली. नेपोलियन सम्राट झाला तेव्हा त्याला लिली घेता येईना कारण ती फ्रान्सच्या जुन्या बोरबोन राजघराण्याची, पण काहीतरी जुनं आणि राजेशाही तर हवंच. मग त्याने सोनेरी मधमाश्या घेतल्या. का, तर १६५३ मधे तूर्ने इथे क्लोव्हिसच्या बापाची, चिल्डेरिकची कबर सापडली होती आणि त्यात सोन्याच्या मधमाश्या होत्या. हुशारी बघा, लिलीची कथा क्लोव्हिसपर्यंत जाते तर आपण त्याच्या बापापर्यंत जाऊ. नेपोलियन पडल्यावर लिली परत आल्या, १८३१ मधे पुन्हा काढल्या गेल्या. इंग्लंडच्या ढालीवर मात्र त्या १ जानेवारी १८०१ पर्यंत होत्या, म्हणजे मधले थोडे खंड सोडले तर जवळपास साडेचारशे वर्षं इंग्लंडचा राजा कागदोपत्री फ्रान्सचाही राजा म्हणवत होता, फ्रान्समधे राजाच उरला नव्हता तेव्हा सुद्धा!

आज फ्रान्सच्या सरकारी चिन्हात लिली नाही पण स्पेनच्या आहे. चौदाव्या लुईचा नातू १७०० मधे स्पेनच्या गादीवर बसला, त्याचं बोरबोन घराणं अजून आहे, आणि स्पेनच्या ढालीत अगदी मधोमध एका छोट्या लंबगोलात तीन लिली दिसतात. क्युबेकच्या झेंड्यावर १९४८ पासून चार पांढऱ्या लिली आहेत, तिथे अर्थ आम्ही फ्रेंच बोलतो एवढाच. बोस्निया १९९२ मधे स्वतंत्र झाला तेव्हा त्यांनी मध्ययुगातल्या आपल्या राजांच्या लिली झेंड्यावर घेतल्या आणि १९९८ मधे तो झेंडा बदलला, कारण देशातल्या सगळ्यांनाच ती आपली वाटेना.

आता गुलाब. यॉर्कचा पांढरा, लँकेस्टरचा लाल, इंग्लंडच्या गादीसाठी ही दोन घराणी तीस वर्षं लढली आणि शेवटी लाल-पांढरा एकत्र करून ट्यूडर गुलाब झाला, ही गोष्ट इतकी सुटसुटीत आहे की तिथेच संशय यायला पाहिजे. पांढरा गुलाब यॉर्कवाल्यांचा बॅज होता हे खरं, पण एकमेव नव्हे. चौथ्या एडवर्डचा लाडका बॅज होता तेजाळलेला सूर्य, कधी त्या सूर्यावरच पांढरा गुलाब. तिसऱ्या रिचर्डचा रानडुक्कर. समोरचा सहावा हेन्री, ज्याच्या बाजूला आपण लाल गुलाब लावतो, तो जास्त करून हरिणासारखा अँटिलोप वापरायचा. लढाईत लाल गुलाब विरुद्ध पांढरा गुलाब असं काही दृश्य नव्हतं. उलट बॅजचा घोटाळा झाल्याची गोष्ट सांगतात ती बार्नेटच्या लढाईची, १४७१, दाट धुकं, ऑक्सफर्डच्या अर्लच्या माणसांच्या अंगावर किरणं असलेला तारा होता आणि त्यांच्याच बाजूच्या लोकांना तो एडवर्डचा सूर्य वाटला, बाण सोडले, दगा झाला म्हणून आरडाओरडा आणि सगळी फळी कोसळली.

लाल गुलाब खऱ्या अर्थाने पुढे आला तो युद्ध जवळजवळ संपल्यावर. १४८५ मधे बॉसवर्थला हेन्री ट्यूडरने रिचर्डला हरवलं, पण त्याचा गादीवरचा हक्क तसा पातळच होता, आईकडून आणि तेही वाकड्या वाटेने आलेला. त्याने जानेवारी १४८६ मधे चौथ्या एडवर्डची मुलगी एलिझाबेथ ऑफ यॉर्क हिच्याशी लग्न केलं. आता या लग्नाची जाहिरात करायची तर एक पांढरं फूल आहे, शेजारी दुसरं फूल पाहिजेच ना. लँकेस्टरचा कुठेतरी मागे पडलेला लाल गुलाब पुढे आणला, लालाच्या आत पांढरा बसवला आणि ट्यूडर गुलाब तयार. म्हणजे दोन गुलाब लढले आणि मग एक झाले असं नाही, एक करायचं ठरलं म्हणून दोन लागले. युद्धाला "गुलाबांचं युद्ध" हे नाव तर एकोणिसाव्या शतकात रूढ झालं, मधल्या काळात शेक्सपियरने बागेत दोन्हीकडचे सरदार गुलाब तोडून बाजू निवडतात असा सीन लिहिला होता, तो सीन त्याने रचलेला, पण लोकांच्या डोक्यात तोच बसला.

ट्यूडर लोकांनी मग हे फूल जिथे जागा मिळेल तिथे लावलं, छतावर, दारावर, नाण्यावर, पुस्तकाच्या बांधणीवर. विंचेस्टरला किंग आर्थरचं म्हणून एक भलंमोठं गोल टेबल भिंतीवर टांगलंय, लाकूड तेराव्या शतकातलं, पण आठव्या हेन्रीने ते रंगवून घेतलं आणि मधोमध काय, ट्यूडर गुलाब. म्हणजे आर्थर पण आमचाच. याच हेन्रीची पहिली बायको कॅथरीन ऑफ ॲरागॉन, तिचा बॅज डाळिंब, कारण तिच्या आईबापांनी ग्रॅनडा जिंकलं होतं आणि स्पॅनिशमधे ग्रॅनडा म्हणजे डाळिंब. लग्नानंतर अर्धा गुलाब अर्धं डाळिंब अशी चित्रं निघाली, पुढे ॲन बोलिन आली तिचा बॅज पांढरा ससाणा, खोडावर बसलेला आणि त्या वठलेल्या खोडातून गुलाब फुटतायत. वारस देईन असं वचन होतं ते, पण मुलगा झाला नाही आणि शेवटी हेन्रीने तिचं डोकंच उडवलं.

गुलाबांचं आपल्याकडचं खरं कनेक्शन क्रिकेटचं. यॉर्कशायर आणि लँकेशायर काउंटीच्या मॅचला रोझेस मॅच म्हणतात. मुंबईचा फारूख इंजिनिअर १९६८ ते १९७६ लँकेशायरकडून, म्हणजे लाल गुलाब लावून खेळला, आणि १९९२ मधे आपला सचिन यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू झाला तेव्हा त्याच्या टोपीवर पांढरा गुलाब होता. गंमत म्हणजे यॉर्क घराणं आणि यॉर्कशायर यांचा त्या युद्धात तितका संबंध नव्हता, तिथले पर्सी, क्लिफर्ड वगैरे मोठे सरदार लँकेस्टरकडूनच लढले.

फिनलंडच्या ढालीबद्दल थोडक्यात सांगतो कारण ती या सगळ्याचा पुरावाच आहे. लाल जमीन, सोनेरी सिंह आणि नऊ रुपेरी गुलाब. नऊ का, तर फिनलंडचे नऊ जुने प्रांत, असं हमखास सांगितलं जातं. पण ही ढाल पहिल्यांदा आली ती स्वीडनच्या गुस्ताव वासा राजाच्या उप्साला इथल्या थडग्यावर, सोळाव्या शतकात, आणि तिथे गुलाब सिंहाच्या आजूबाजूची मोकळी जागा भरायला होते. नंतरच्या चित्रांमधे त्यांची संख्या कमीजास्त पण होत गेली. नऊ पक्के झाले आणि मग प्रांत मोजले गेले.

स्कॉटलंडच्या काटेरी थिसलचंही तसंच. नॉर्वेचे लोक रात्री अनवाणी हल्ला करायला आले, एकाचा पाय थिसलवर पडला, तो ओरडला आणि स्कॉट जागे झाले, ही कथा १२६३ च्या लार्ग्जच्या लढाईला जोडतात. पण थिसल राजचिन्ह म्हणून दिसतं ते १४७० च्या सुमाराच्या तिसऱ्या जेम्सच्या नाण्यांवर, दोनशे वर्षांनी. १५०३ मधे चौथ्या जेम्सने ट्यूडरांच्या मार्गारेटशी लग्न केलं तेव्हापासून थिसल आणि गुलाब जोडीने यायला लागले, १७०७ मधे दोन्ही राज्यं एक झाली तेव्हा राणी ॲनच्या बॅजवर एकाच देठाला दोन्ही फुलं, १८०१ मधे आयर्लंडचं तीन पानांचं शॅमरॉकही त्याच देठाला. वनस्पतीशास्त्रवाल्यांनी डोळे मिटून घ्यावेत.

युरोपाबाहेर फूल राजचिन्ह म्हणून सगळ्यात कडक सांभाळलं ते जपानने. तिथली परंपरा पूर्ण स्वतंत्र, ढालीबिली नाहीत, घराण्याची गोल खूण असते तिला मोन म्हणतात. सम्राटाची शेवंती, सोळा पाकळ्यांची, आणि तिच्या मागून दुसऱ्या थराच्या पाकळ्यांची टोकं दिसतात. बाराव्या शतकाच्या शेवटी गो-तोबा सम्राट होता, त्याला शेवंतीचं आणि तलवारींचं भयंकर वेड, तेव्हापासून ही राजघराण्याची होत गेली. शेवंती मुळात चीनकडून आलेली, दीर्घायुष्याशी जोडलेली, तो अर्थ खरा आहे आणि जुना आहे. पण कायद्याने ती फक्त सम्राटाची झाली १८६९ मधे, मेजी काळात. आणि कधी, तर शोगुनकडून, म्हणजे सम्राटाच्या नावाने राज्य चालवणाऱ्या लष्करी प्रमुखाकडून, सत्ता नुकतीच काढून घेतली होती तेव्हा. तोकुगावा शोगुनांची खूण म्हणजे वर्तुळात तीन पानं, अडीचशे वर्षं जपानमधे खरा दरारा त्या पानांचा होता, शेवंतीचा नाही. १९२६ मधे नियम असा केला की राजपुत्रांनी चौदा पाकळ्यांची वापरायची. पासपोर्टवर सोळाच आहेत पण एकेरी, मागचा थर नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी रायफलींवर ही शेवंती ठोकलेली असायची, सम्राटाची मालमत्ता म्हणून, आणि १९४५ च्या शरणागतीनंतर शत्रूच्या हातात गेलेल्या असंख्य रायफलींवर ती घासून काढलेली सापडते. बंदूक द्या पण फूल नको. आणि पंतप्रधानांच्या, सरकारच्या कागदावर शेवंती नसते हे पण बघा, तिथे पॉलोनिया नावाच्या झाडाची फुलं असतात, तीन देठांवर पाच-सात-पाच अशी. ही खूण सम्राट मर्जीतल्या सरदारांना द्यायचा, सोळाव्या शतकातला सत्ताधीश हिदेयोशी यालाही मिळाली होती, आज सरकारला. कोण मालक आणि कोण कारभारी ते दोन फुलांत स्पष्ट.

कधी कधी झाड घराण्याचं नावच होऊन बसतं. फ्रान्समधल्या आंजूच्या जेफ्रीने टोपीत पिवळ्या फुलांची रानटी डहाळी खोचली, तिच्या लॅटिन नावावरून (प्लांटा जेनिस्टा) त्याच्या वंशाला, म्हणजे इंग्लंडच्या पुढच्या राजांना, प्लँटॅजेनेट म्हणतात, त्यातूनच पुढे यॉर्क आणि लँकेस्टर निघाले. आपल्या शेजारचं उदाहरण कदंबांचं, कर्नाटकातल्या बनवासीचं घराणं, ज्याची एक शाखा पुढे गोव्यात नांदली. घराजवळच्या कदंब वृक्षावरून नाव पडलं असं तालगुंद्याच्या शिलालेखातच आहे. पण चिन्ह म्हणून त्यांनी घेतला सिंह, गोव्यात कदंबा बसवर बघितला असेल.

मराठ्यांकडे युरोपसारखी हेराल्ड्री नव्हती. शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी, आणि तिच्यात फूल नाही, चित्रही नाही, प्रतिपदेच्या चंद्राची उपमा आहे आणि तीही शब्दांत. रायगडाच्या महादरवाजाला दोन्ही बाजूंना कोरलेली कमळं आहेत आणि आत श्री आणि सरस्वती नांदतात असा त्यांचा अर्थ सांगतात, पण ते गडाचं, वास्तूचं शुभचिन्ह, ते कोणाच्या ढालीवर गेलं नाही. ढाली आल्या त्या इंग्रजांबरोबर. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात लॉर्ड लिटनने संस्थानिकांना सॅटिनचे जड झेंडे दिले, प्रत्येकावर युरोपियन पद्धतीचं कुलचिन्ह, डिझाइन रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या आयसीएस ऑफिसरची. ज्यांना पिढ्यानपिढ्या जरीपटका आणि भगवा पुरला होता त्यांना पण आता ढाल, मुकुट, दोन बाजूंना दोन प्राणी.

त्याआधी १८६१ मधे व्हिक्टोरियाने स्टार ऑफ इंडिया नावाचा किताब काढला होता. पहिल्याच यादीत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, इंदूरचे तुकोजीराव होळकर आणि बडोद्याचे खंडेराव गायकवाड होते. या किताबाच्या गळ्यातल्या साखळीत कमळ आणि इंग्लिश गुलाब आळीपाळीने ओवलेले, मधे ताडाची पानं. म्हणजे लाल-पांढऱ्या गुलाबांची जी युक्ती ट्यूडरांनी घरात वापरली तीच आता साम्राज्याला. १८७८ चा इंडियन एम्पायर किताब तर अजून उघड होता, पाच पाकळ्यांचं लाल फूल आणि सुरुवातीच्या बॅजवर एकेका पाकळीवर एकेक अक्षर, पाच मिळून इंडियाचं इंग्रजी स्पेलिंग. नंतर बॅज लहान केला तेव्हा अक्षरं काढून टाकली.

आणि मग २ जून १९५३, दुसऱ्या एलिझाबेथचा राज्याभिषेक. नॉर्मन हार्टनेलने शिवलेल्या झग्यावर राणीच्या सगळ्या देशांची झाडंफुलं भरतकामात होती, ट्यूडर गुलाब, थिसल, शॅमरॉक, कॅनडाचं मेपलचं पान, ऑस्ट्रेलियाचं वॉटल, दक्षिण आफ्रिकेचं प्रोटिया, पाकिस्तानसाठी गहू, कापूस आणि ताग. वेल्ससाठी त्याला डॅफोडिल हवं होतं पण हेराल्डांनी सांगितलं की नियमाप्रमाणे लीक, म्हणजे कांद्याच्या पातीची भाजी, आणि बिचाऱ्याने ती हिऱ्यामोत्यांत भरून सुंदर करून दाखवली. भारतासाठी कमळ होतं आणि सिलोनसाठी पण कमळच. सिलोनची एलिझाबेथ त्या दिवशी खरोखरची राणी होती, १९७२ पर्यंत राहिली. भारत तीन वर्षांपूर्वीच प्रजासत्ताक झाला होता, आपली ती कोणीच लागत नव्हती, फक्त कॉमनवेल्थची प्रमुख एवढंच नातं, पण कमळ दोन्ही देशांसाठी तेच.